दोड्डक्काची दुसरी फ्रेम

अक्का, दोड्डक्का सकलेशपूरला जाऊन आली. मी चालवत नेली. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि ही बातमी ज्यांना सगळ्यात आधी सांगायची त्या तुम्हीच नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर तुमच्याविषयी पुष्कळ लिहून आलं. बोम्मसंद्राच्या कारखान्यात तपासणी विभागात तुम्ही आयुष्य काढलंत, निवृत्त झाल्यावर तिथेच शेड भाड्यानं घेऊन दुर्मिळ मोटरसायकली आणायला, दुरुस्त करायला, विकायला लागलात, आणि तेही बाई असून. ते ‘बाई असून’ वाचून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता आणि पुढचं वाचलंच नसतं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपलं भांडण लिहायचं आहे, कारण ते अर्धं राहिलं.

पहिल्यांदा आले तो शनिवार आठवतो. मला म्हैसूरला बनलेली ती जुनी टू-स्ट्रोक हवी होती, दोन सायलेन्सरवाली. पुण्यात कॉलेजला असताना तिचा आवाज ऐकला की मी गॅलरीत यायची. इथे बेंगळूरुत, मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये राहून, आठवडाभर स्क्रीनसमोर बसून, एक दिवस वाटलं की आता ती घ्यायचीच. तुमच्या शेडच्या दारात उभं राहून मी हिंदीत विचारलं, “ओनर हैं क्या?”

तुम्ही बुटक्या स्टुलावर बसून कार्बोरेटर धूत होता. मान वर न करता म्हणालात, “मराठी बोल गं. स्कूटरची नंबरप्लेट पुण्याची आहे तुझी.”

मी चकित झाले. तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, “आम्ही साडेतीनशे वर्षं इथेच आहोत. तुम्ही लोक आत्ता आलात. स्वल्प थांब, हे धुऊन होऊ दे.”

तुमच्या मराठीत ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ हे कन्नड शब्द इतक्या सहज यायचे की काही महिन्यांनी माझ्याही बोलण्यात आले. आई फोनवर विचारायची, हे काय बोलतेस. या शहरात मला मराठी मित्रमैत्रिणी होत्या, पण त्या सगळ्या माझ्यासारख्याच, बॅग न उघडता राहणाऱ्या. इथल्या मातीतलं मराठी माणूस मला तुमच्या रूपानं पहिल्यांदा भेटलं.

टू-स्ट्रोक तुम्ही दाखवलीत. मग माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि म्हणालात, “हात धुऊन ये.”

मला वाटलं चहा देताय. मी हात धुऊन आले तर तुम्ही शेडच्या मागच्या कोपऱ्यातली ताडपत्री काढत होता. खाली ती होती. अंगभर हिरवा ऑइलपेंट, बंगल्याच्या फाटकाला असतो तसला. पण त्या रंगातूनही तिचं शरीर दिसत होतं. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बनलेली, व्ही आकारात उभे दोन सिलिंडर, त्यांच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हना हलवणारे दांडे सगळे बाहेर, उघड्यावर. आजच्या गाड्यांत जे झाकून ठेवतात ते सगळं तिनं लाज न बाळगता बाहेर ठेवलं होतं. पुढचा फोर्क एका मोठ्या स्प्रिंगवर तोललेला. टाकी पाण्याच्या थेंबासारखी मागे निमुळती होत गेलेली. असल्या गाड्या जगात आता फार थोड्या उरल्यात, हे मला त्या वेळी माहीतही नव्हतं. तरी माझा आवाज आपोआप खाली गेला, देवळात जातो तसा.

“हात लाव,” तुम्ही म्हणालात. “त्यासाठीच धुवायला लावले.”

मी सिलिंडरच्या पात्यांवरून बोट फिरवलं. तुम्ही काही समजावून सांगितलं नाहीत. नंतर कळलं की नव्या माणसाला तुम्ही आधी कधीच काही सांगत नसत. आधी नुसतं बघू द्यायचं, आणि तो किती वेळ बघतो ते तुम्ही बघायचं.

“हिला आम्ही दोड्डक्का म्हणतो. कन्नडमध्ये थोरली बहीण. मी अक्का, ही माझ्याहून थोरली.”

टू-स्ट्रोक तिथेच राहिली. मला दोड्डक्का हवी होती. तुम्ही हसलात. ती सकलेशपूरच्या एका कॉफी इस्टेटवरून, गौडांच्या घरून आली होती. त्यांनी फाटक रंगवताना उरलेला रंग तिलाही फासला होता. “हिरव्याखाली कंपनीचा काळा असणार, सोनेरी रेघांसकट,” तुम्ही म्हणालात. “तो जपून उघडा करायचा. नवा रंग द्यायचा नाही. ते झालं की मग विकायचं बघू.” दोड्डक्का हवी असलेले हेब्बाळचे संग्राहक मूर्ती, त्यांनाही तुम्ही हेच सांगितलं होतं. मूर्तींच्या बंगल्यातल्या मोठ्या हॉलमध्ये मोटरसायकली ओळीनं उभ्या आहेत, प्रत्येक गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी, आणि त्या हॉलमध्ये शिरताना ते चपला बाहेर काढतात. मोठा सभ्य माणूस. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, कारण त्यांनी ठरवलं असतं तर माझी काय टाप होती.

मग कित्येक शनिवार मी आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून बोम्मसंद्राला येत राहिले. तुम्ही बोटाएवढ्या तुकड्यावर काम करायचात. रंग मऊ करायचा, लाकडी पट्टीनं सोडवायचा, पुसायचा, थांबायचं. टाकीवर काळा रंग मिळाला, सोन्याच्या रेघेसकट. ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा आपण दोघी तिच्याजवळ डोकं नेऊन श्वास रोखून बघत होतो. कुणी तरी ब्रश हातात धरून एका दमात ओढलेली रेघ. तुम्ही म्हणालात, “हा माणूस त्या दिवशी घरी भांडून आला नव्हता.”

पण फ्रेमवर काळा मिळाला नाही.

एका कामाच्या दिवशी तुमचा फोन आला. “शनिवारपर्यंत थांबू नको. आज ये.” मी पोचले तर मूर्ती आधीच आलेले. इंजिन बाजूला काढलं होतं, नुसती फ्रेम घोडीवर ठेवलेली, हिरवा रंग पूर्ण उतरवलेला.

“हिरव्याखाली लाल प्रायमर,” तुम्ही म्हणालात. “त्याच्याखाली नुसतं पोलाद. काळा रंग हिला कधी लागलाच नाही. ही फ्रेम कंपनीची नाही.”

मग तुम्ही आम्हाला दाखवलंत. त्या काळच्या फ्रेमच्या नळ्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे ओतीव लोखंडाचे सांधे असतात आणि नळ्या त्यांत पितळेनं जोडलेल्या असतात. ओतीव सांध्यावर साच्याची बारीक रेघ राहतेच. इथे एकाही सांध्यावर ती रेघ नव्हती. भिंगातून पाहिलं तर कानशीचे ओरखडे दिसत होते, एका दिशेनं गेलेले, सारखे. कुणी तरी पोलादाच्या ठोकळ्यातून प्रत्येक सांधा हातानं कोरून काढला होता.

“रंगवली असती काळी, तर तुम्हा दोघांनाही कळलं नसतं,” तुम्ही म्हणालात.

“नसतं कळलं,” मूर्ती म्हणाले. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग सरळ झाले. “अक्का, मला अस्सलच गाडी लागते. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. म्हणून तर बोलावलं.”

ते गेले. मी तिथेच उभी. इतके दिवस ज्या वस्तूसमोर आवाज खाली करून उभी राहिले होते, ती ती नव्हतीच, असं वाटत होतं. मी म्हणाले, “म्हणजे नकली आहे.”

तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “हे बघ मंजिरी, सुम्ने, उगीच काही बोलू नको. आधी नीट बघ, मग शब्द वापर.”

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. इंजिन बदललं तरी चालेल, चाकं बदलली तरी चालेल, पण फ्रेम म्हणजेच गाडी. फ्रेम दुसरी असेल तर ती त्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती आहे, आणि मला प्रतिकृती नको होती. तुम्ही मला उत्तर द्यायच्या ऐवजी कामाला लावायचात. व्हर्नियर हातात द्यायचात. “मान्य. आता ह्या कडेची जाडी माप.” मी मापायची. सांध्याची कड जिथे नळीला मिळते तिथे पानाच्या टोकासारखी पातळ होत गेलेली, चारही बाजूंनी सारखी. मग सांध्याच्या आतल्या बाजूला, जिथे इंजिन बसल्यावर कुणाचीही नजर कधी पोचणार नाही, तिथे अंगठा फिरवायला लावायचात. तिथेही तितकंच गुळगुळीत. तुम्ही म्हणालात, “कारखान्यात मी दिवसाला किती पार्ट परत पाठवायची. ह्याचा एकही परत पाठवला नसता.” आणि मग तुम्हीसुद्धा त्यावरून बोट फिरवत बसलात. तुम्हाला मी कुठल्या महागड्या गाडीपुढे असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मानेच्या सांध्यावरचे, म्हणजे हँडल जिथे बसतं तिथले आकडे तुम्ही मला सगळ्यात शेवटी दाखवलेत. कंपनीच्या ओतीव सांध्यावर उठावाचे आकडे असतात, साच्याचा नंबर. ह्या माणसानं तेही कोरले होते. आजूबाजूचं पोलाद घासून काढून आकडे वर ठेवले होते. मला उलट जोर चढला. “बघा अक्का, नंबरसुद्धा उठवलाय. हे फसवण्यासाठीच केलंय.”

“सगळे आकडे वाच.”

मी वाचले. मध्ये एक जागा रिकामी होती. एका आकड्याएवढी, नीट गुळगुळीत केलेली जागा.

“मूळ सांधा तिथेच तुटला असणार,” तुम्ही म्हणालात. “तो आकडा त्याला दिसला नाही. मग त्यानं मनानं घातला नाही. फसवणारा माणूस जागा रिकामी ठेवतो का?”

तरी मी मानलं नाही. दिसलं तेवढं उतरवणं म्हणजे नक्कलच, असं मी म्हणत राहिले, आणि तुम्ही “सरी” म्हणून चहा ठेवायला उठायचात. तुमचं ते ‘सरी’ म्हणजे होकार नसायचा हे मला एव्हाना कळलं होतं.

तुम्ही त्या माणसाला शोधायला निघालात. कलासिपाळ्यापासून शिवाजीनगरपर्यंत जुन्या लेथवाल्यांकडे, सायकलच्या फ्रेमी जोडणाऱ्यांकडे, गुडघे दुखत असताना, कधी माझ्या स्कूटरवर मागे बसून. प्रत्येक ठिकाणी मानेचा सांधा फडक्यात गुंडाळून नेता येत नाही म्हणून मोबाइलवरचे फोटो दाखवायचात. म्हातारे लोक फोटो मोठा करून बघायचे, मान हलवायचे. कुणाला ठाऊक नव्हतं. गौडांना फोन केलात. ते म्हणाले, त्यांच्या आजोबांची गाडी घाटात लाकडाच्या लॉरीवर आदळून फ्रेम तुटली होती. लढाईचे दिवस, इंग्लंडहून जहाजानं पार्ट यायचे बंद झालेले. आजोबांनी ती बेंगळूरुला पाठवली आणि दुरुस्त होऊन परत आली, एवढंच घरात ठाऊक. त्यांच्या आईला जास्त आठवत असेल, पण आई तेव्हा शिमोग्याला मुलीकडे होती आणि तिला फोनवर ऐकू येत नसे. “जाऊन भेटू एकदा,” तुम्ही म्हणालात.

गाडी जुळली. फ्रेमला तुम्ही रंग दिलाच नाहीत. नुसतं तेल चोळून पोलाद उघडं ठेवलंत. काळी टाकी, करडी फ्रेम. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नेलीत तेव्हा समोर पाटी लावलीत: ‘फ्रेम बेंगळूरुत हातानं बनवलेली. कारागीर अज्ञात.’ परीक्षकांनी नियमाप्रमाणे तिला मूळ गाड्यांच्या ओळीतून काढून पिंपळाखाली उभं करायला सांगितलं. तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर तिच्या शेजारी जाऊन बसलात. दुपारपर्यंत पिंपळाखाली इतकी गर्दी झाली की चकचकीत ओळीतले मालकही तिकडे आले. लोक गुडघ्यांवर बसून सांधे बघत होते. आत हात घालत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, “हे कानशीनं? सगळं?” मूर्ती पांढऱ्या पँटनिशी मातीत बसले होते, आणि किती तरी वेळ उठले नाहीत.

तुम्ही मला विचारलंत, “आता घेशील?”

“मला कळत नाही अक्का. हिच्यासारखं काम मी पाहिलं नाही. पण हीच ती गाडी, असं अजून वाटत नाही.”

“लांब चालवल्याशिवाय ठरवू नको. दिवाळी झाली की सकलेशपूरला जाऊ. तू चालव, मी कारनं मागून येते.”

दिवाळीच्या आधीच तुमची फुफ्फुसं थकली. हॉस्पिटलात तुमच्या बहिणीची मुलगी नंदा तुमच्याजवळ असायची. मी संध्याकाळी यायची. एवढं मनात होतं, की तुम्ही मला बघायला शिकवलंत, की ह्या शहरात मला बोलायला एक घर दिलंत. त्यातलं काही तोंडातून निघालं नाही. शेवटच्या भेटीतही आपण मागच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह टकटक करतो त्याबद्दलच बोललो. मास्क बाजूला करून तुम्ही म्हणालात, “गरम झाल्यावर थांबतो तो. घाबरू नको.” मी म्हणाले, “टायरमध्ये हवा भरून ठेवते.” आणि निघाले.

तेराव्यानंतर नंदाचा फोन आला. शेड रिकामी करायची होती. तुम्ही तिला सांगून ठेवलं होतं की दोड्डक्काचं आधी मंजिरीला विचार, तिला नको असेल तर मूर्तींना. मी मूर्तींना फोन केला, कारण मला खरंच ठरवता येत नव्हतं. ते म्हणाले, “आपण ठरवायचं नाही. आधी सकलेशपूर. मी पिकअप घेऊन मागून येतो, बंद पडली तर चढवू.”

ती बंद पडली नाही, अक्का. पहाटे बोम्मसंद्राहून निघालो. तुम्ही शिकवलेलं सगळं केलं. पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरची पिन पेट्रोल ओघळेपर्यंत दाबली, ठिणगीसाठीचा मॅग्नेटोचा लिव्हर मागे घेतला, आणि किक मारली. ती धडधडत सुरू झाली. नेलमंगला सोडल्यावर मागच्या सिलिंडरची टकटक थांबली. कुणिगलपुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा मी पहिल्यांदा तिला मनापासून पळवलं. हिच्यावर बसलं की अर्ध्या रस्त्यात आपल्या खाली काही तरी जिवंत आहे असं वाटायला लागतं, हे तुम्ही म्हणाला होतात आणि मी ते कौतुकानं केलेलं बोलणं समजले होते. हासनच्या पुढे वळणं लागली. मी घाबरून हँडल घट्ट धरलं होतं, आणि हळूहळू लक्षात आलं की धरायची गरजच नाही. वळणात ती झुकत होती आणि झुकल्यावर एका रेषेत स्थिर राहत होती. ना लचकत होती, ना थरथरत होती. मी ज्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते त्याच नळ्यांवर माझं सगळं वजन होतं, आणि त्या ते वागवत होत्या.

गौडांच्या अंगणात आवाज गेला तशी त्यांची नव्वदी ओलांडलेली आई काठी टेकत बाहेर आली. आता ती घरीच असते. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकावरच्या छोट्या गादीवर हात ठेवला. कन्नडमध्ये काही तरी म्हणाली. मूर्तींनी दोनदा विचारलं, कानाजवळ वाकून, मोठ्यानं. मग मला सांगितलं.

ती नुकती सून होऊन आली होती तेव्हा तिचे सासरे स्वतः बेंगळूरुला गाडी आणायला गेले होते. ज्यानं फ्रेम बनवली तो म्हणाला, एकटे जाऊ नका, मीही येतो. आणि तो ह्या गादीवर बसून इथपर्यंत आला. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, सांधा सुटला तर दोघंही पडू. वाटेत जिथे थांबले तिथे उतरून त्यानं एकेका सांध्याला हात लावून पाहिला. ह्या अंगणात उतरून, पुन्हा सगळे सांधे चाचपून, मग जेवला. दुसऱ्या दिवशी बसनं परत गेला.

“त्याचं नाव काय होतं?” मी विचारलं.

मूर्तींनी विचारलं. म्हातारीनं खूप आठवलं. “मामंजी मेस्त्रीच म्हणायचे,” ती म्हणाली. “आम्ही कुणी नाव विचारलं नाही.”

अक्का, तुम्ही ज्याला कलासिपाळ्यात शोधत होता तो इथे येऊन जेवून गेला होता. मला ही गाडी घ्यायची आहे, आणि आता कुणी ती खरी की खोटी विचारलं तर मी त्याला हात धुवायला सांगणार आहे. नंदाला तिथूनच फोन केला.

परतीला मूर्तींनी पिकअप ड्रायव्हरच्या ताब्यात दिली. “हासनपर्यंत मी मागे बसू?” त्यांनी विचारलं, जरा लाजत. बसले. वाटेत चहाला थांबलो. मी हेल्मेट काढेपर्यंत ते खाली उतरून वाकले होते, आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवून बघत होते.